चार भाग रंग, एक भाग पाणी

तेर,
३ मार्च १९८७

चि. व्यंकट यास अक्काचा आशीर्वाद. तुळजाला आणि पोरींना माझी आठवण सांग. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तलाव पार आटला. मधोमध गाळाची डबकी होती, तिथंही आता शेळ्या फिरतात. मी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाते आणि सासूबाई टँकरच्या रांगेत घागरी मांडून बसतात. तुझे दाजी गेले त्याला येत्या आखाडात दोन वर्षं होतील. त्यांची होडी काठावर पालथी पडलेली आहे, तशीच.

आता कामाचं लिहिते. मच्छीमार सोसायटीची मीटिंग झाली. चेअरमन महारुद्र अप्पांनी ठराव घातला की मिरगाच्या आधी सगळ्या होड्यांची तपासणी होणार. ज्याची होडी पाण्यात घालण्याजोगी नसेल त्याचं नाव सभासदांतून कमी. ठराव सगळ्यांना सारखाच आहे, पण रोख माझ्याकडं आहे. सदतीस सभासदांत बाई मी एकटी. दाजींच्या जागी माझं नाव लावून घ्यायला मी सहा महिने सोसायटीच्या पायऱ्या झिजवल्या, ते तुला माहीत आहे. नाव गेलं तर उद्या तलाव भरला तरी मला जाळं टाकता येणार नाही. मग मी आहे आणि खडी आहे.

सुतारानं एक फळी बदलून दिली. सांधे कापूस आणि डांबर घालून बुजवतेय. रंगाचं मात्र मला काही कळत नाही. इथल्या दुकानात हिरवा ऑइलपेंट आहे, दाजी तोच मारायचे. तू माझगावच्या शेडमध्ये बोटी रंगवण्यातच उमर घातलीस, म्हणून तुला विचारते. जमलं तर चार दिवस येऊन तूच मारून जा. दाजींच्या दहाव्याला आलास, त्यानंतर तुझं तोंड पाहिलं नाही.

तुझी अक्का,
सुमन


माझगाव, मुंबई
१६ मार्च १९८७

ती. अक्काला व्यंकटचा नमस्कार.

पत्र वाचून आधी हसू आलं. सगळ्या मुलखात थेंब नाही आणि माझी बहीण होडीला रंग द्यायला निघाली. तुळजानं डोळे वटारले तेव्हा गप्प झालो. तू असं काही करणार नाहीस तर कोण करणार.

ऑइलपेंट घेऊ नकोस. तुमच्या उन्हात वर्षभरात त्याचं पीठ होतं, हात फिरवला की तळव्याला येतं. आम्ही इथं लाँचींना युरेथेनचा रंग मारतो. वाळला की काचेसारखा होतो, ऊन त्याला खात नाही. पाच-सात वर्षं बघायला नको. हिरवा पण नको. गडद रंग ऊन पितो, फळी तापते आणि बुजवलेला सांधा परत उघडतो. सगळ्यात चांगला पांढरा. पण पांढरा म्हटल्यावर तू काय म्हणशील ते मला इथं बसून ऐकू आलं. बाईची होडी, त्यात विधवेची, त्यात पांढरी. म्हणून आभाळी निवडला. मोठा डबा आणि छोटा डबा बलभीमबरोबर पाठवतोय, तो यात्रेला गावी येतोय.

आधी जुना हिरवा सगळा खरवडून काढ, मुळापासून. हा रंग जुन्या ऑइलपेंटवर मारला तर खालचा फुगून उठतो. मग पॉलिश पेपर मार, धूळ पूस. लाकडाला ओल नको, म्हणून ऊन वर आल्यावरच हात घाल. तळाला मात्र तुम्ही नेहमी लावता तेच डांबर लाव, रंग फक्त वरच्या अंगाला. चार भाग रंगात एक भाग पाणी घालायचं, ढवळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. ब्रश आधी आडवा मार, मग टोकानं उभा ओढ. एकदा पुढं गेलीस की मागं वळून हात लावायचा नाही. पहिला हात पातळ, दुसरा दुसऱ्या दिवशी.

आणि हे नीट वाच. रंग उघड्यावरच मार. तोंडाला फडकं बांध आणि वारा पाठीमागून येईल अशी उभी राहा. सासूबाईंना लांब बसव. यात हयगय केलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

मला येता येणार नाही. शेडमध्ये मोठं काम निघालंय, सुट्टी देत नाहीत.

तुझा,
व्यंकट


तेर,
९ एप्रिल १९८७

चि. व्यंकट यास आशीर्वाद.

तुझा रंग वाया गेला. तुझ्या पत्रातला एकेक शब्द धरून केलं आणि वाया गेला.

आठ दिवस मी आणि सासूबाईंनी खापरीनं हिरवा रंग खरवडला. पॉलिश पेपरनं बोटांची सालं निघाली. मग पाण्याचा प्रश्न आला. एकीकडं लिहितोस ओल नको, दुसरीकडं लिहितोस पाणी घाल. मी म्हटलं शेडमधल्या लोकांना जास्त कळतं. टँकर तीन दिवस आला नव्हता. सासूबाईंनी स्वतःच्या प्यायच्या तांब्यातलं पाणी फडक्यानं गाळून दिलं, म्हणाल्या, माझ्या वाटणीचं घे. चार वाट्या रंग, एक वाटी पाणी. नासलेल्या दुधासारखं झालं. ढवळून ढवळून हात भरून आले, मग तसंच मारलं. छोटा डबा मागनं चकाकी द्यायला असेल म्हणून ठेवून दिला होता.

पाच दिवस झाले, रंग वाळायला तयार नाही. बोट लावलं की बोट चिकटतं. त्यात वावटळ आली आणि कडब्याचा भुसा, शेळ्यांचे केस, रस्त्याची धूळ सगळं होडीवर येऊन बसलं. महारुद्र अप्पा पाहायला आले. चांगले दहा जण उभे होते. म्हणाले, "सुमनबाई, होडीला केस आले की तुमच्या." सगळे हसले. मी पण हसले आणि घरी येऊन रडले.

आता काय करू ते कळव. मिरगाला दोन महिने राहिले.

अक्का


मुंबई,
२ मे १९८७

ती. अक्काला नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. शेडमध्ये कामाचा रेटा होता. अक्षर वाकडं दिसलं तर समजून घे, मांडीवर कागद ठेवून लिहितोय.

चूक माझी आहे, तुझी काडीची नाही. छोट्या डब्यात जे आहे त्याला आमच्या शेडमध्ये आम्ही पाणी म्हणतो. दिसायला पाण्यासारखंच असतं. खरं नाव हार्डनर. त्यानंच रंग घट्ट होतो, तो घातला नाही तर रंग जन्मात वाळत नाही. वीस वर्षं तोंडात बसलेला शब्द, लिहिताना लक्षातच आलं नाही की दुष्काळातल्या माणसाला मी पाणी घाल म्हणून लिहितोय. सासूबाईंच्या तांब्यातलं पाणी मी रंगात ओतायला लावलं. ते वाचल्यापासून घरात पाणी पिताना मला त्यांची आठवण येते. त्यांना माझा नमस्कार सांग आणि माफ करा म्हणून सांग.

थिनरचं फडकं घेऊन चिकट रंग पुसून काढ, मग परत पॉलिश पेपर. दुसरा मोठा डबा आणि दुसरा छोटा डबा, आणि थिनर, सगळं बलभीमच्या भावाबरोबर पाठवलंय. यापुढं डबा मिळणार नाही, हा शेवटचा. चार भाग मोठ्या डब्यातलं, एक भाग छोट्या डब्यातलं. खरं पाणी जवळपास फिरकू देऊ नकोस. मिसळल्यावर तीन तासांत संपव, नाहीतर डब्यात दगड होतो. छोट्या डब्याचं झाकण उघडताना तोंड बाजूला कर.

यायचं मात्र जमणार नाही. रागावू नकोस.

व्यंकट


तेर,
११ मे १९८७

व्यंकट,

डबे मिळाले. रागावू नको लिहितोस, पण मी रागावले आहे.

हा डबा शेवटचा असं तूच लिहितोस. हातात तीन तास, मग दगड. आणि तू पत्रातून रंग मारणार. एका शब्दानं पहिला डबा गेला. या वेळी दुसरा कुठला शब्द चुकला तर होडी गेली, नाव गेलं. अप्पा वाटच बघतायत. त्यांच्या पुतण्याला सभासद व्हायचंय आणि सदतीसची संख्या वाढवायची नाही असं ठरलंय.

वीस वर्षं तू साहेबांच्या लाँची रंगवल्यास. बहिणीची एक होडी तुझ्यानं होत नाही. कुठलं काम एवढं अडलंय? माणूस मरणाला सुट्टी घेतो तशी एक दिवस घे. तू आला नाहीस तर मला भाऊ नाही असं मी समजेन. हे रागात लिहिलेलं नाही, दोन दिवस विचार करून लिहिलंय.

सुमन


मुंबई,
१९ मे १९८७

ती. अक्कास,

येतो. २७ तारखेला बुधवारी सकाळी कुर्डुवाडीवरून बसनं पोचेन. एकच दिवस, संध्याकाळच्या गाडीनं परत.

होडी खरवडून, पुसून, कोरडी करून तयार ठेव. होडी पालथी, मोकळ्यावर, आजूबाजूला भिंत नको. तीन ब्रश, मापाला डाव, फडकी.

अट एकच. मी सांगेन, तू मारायचं. ब्रशला मी हात लावणार नाही. का ते विचारायचं नाही.

व्यंकट


तेर,
६ जून १९८७

व्यंकट यास,

काल तपासणी झाली. महारुद्र अप्पांनी होडीवर हात फिरवला, मग वाकून बघितलं. त्यांचं स्वतःचं तोंड दिसलं त्यात, मिशीसकट. सेक्रेटरीनं रजिस्टरात माझ्या नावापुढं योग्य असा शेरा मारला. माझं नाव राहिलं. तेवढं कळवायला हे पत्र. आणि दुसरं जे मनात आहे ते पण लिहिते, कारण ते पोटात ठेवून मला जेवण जात नाही.

तू आलास. बसमधून उतरलास तेव्हा तुला ओळखलं नाही, इतका वाळलास. मला वाटलं मुंबईचं खाणं. पण तू होडीजवळ आलाच नाहीस. पन्नास पावलं लांब, बांधावर लिंबाखाली जाऊन बसलास, तोंडाला टॉवेल लावून. तिथून सांगायचास आणि तुझा आवाज पोचेना. शेवटी सासूबाई मधे उभ्या राहिल्या. तू त्यांना सांगणार, त्या मला ओरडून सांगणार. "पातळ मार म्हनतोय." "मागं वळू नगं म्हनतोय." तीन तास त्या म्हातारीनं उन्हात उभं राहून निरोप पोचवले. आख्खा गाव बघत होता.

दुपारी वारा फिरला तर तू उठून लांबून वळसा घालून पलीकडं जाऊन बसलास. तिथं खाली मान घालून तुझे खांदे हलत होते, टॉवेल तोंडात. मी सासूबाईंना विचारलं काय झालं. त्या म्हणाल्या, हसतोय. मी घामानं भिजलेली, लुगड्यावर आभाळी डाग, ब्रश कसाबसा धरलेला, आणि तू हसत होतास.

तेही सोड. काम झाल्यावर मी तुझ्यासाठी ताट घेऊन आले. त्या दुष्काळात कोंबडी कापली होती. मी जवळ आले आणि तू दोन पावलं मागं सरकलास. "अक्का, ताट तितंच ठेव. मला भूक न्हाय." एवढंच बोललास. माझ्या हाताला वास येत होता का तुला? मासळीचा म्हणशील, तर दोन वर्षं या घरात मासळी आलेली नाही. मी तेव्हा जे बोलले ते परत लिहिते, "मुंबईला जाऊन लई मोठा झालास, व्यंकट." तू स्टँडकडं चालायला लागलास. ताट कुत्र्यानं खाल्लं.

होडी मी रंगवली. दुसरा हात पण मीच मारला, तू गेल्यावर. तू ब्रशला बोट लावलं नाहीस. रंग पाठवलास त्याचे उपकार आहेत. यापुढं तुला कुठल्या कामाला बोलावणार नाही.

सुमन


मुंबई,
८ जुलै १९८७

ती. अक्कांना तुळजाबाईचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही. पोरीला समोर बसवून लिहून घेता आलं असतं, पण तिला हे कळायला नको म्हणून मीच लिहितेय. चुकलं तर समजून घ्या.

तार मिळाल्यावर तुम्ही आलात, पाच दिवस राहिलात. घरात माणसं होती, सगळे म्हणत होते दम्यानं गेला. मी पण तसंच म्हटलं. निघताना तुम्ही दारात मला विचारलंत, "माझं शेवटचं पत्र त्यानं वाचलं का गं?" मी म्हटलं, नाही, ते गेल्यावर आलं. अक्का, मी खोटं बोलले. पत्र आलं तेव्हा ते होते. त्यांनी स्वतः वाचलं, दोनदा.

ते तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. पण तुम्ही त्यांना गर्विष्ठ समजून जन्म काढावा हे मला सोसवत नाही. म्हणून सगळं सांगते.

त्यांना दीड वर्षापासून शेडमध्ये काम नव्हतं. ते रंगाचा फवारा मारायचे, बंद शेडमध्ये, तोंडाला नुसता रुमाल. आधी खोकला, मग धाप. डॉक्टर म्हणाले की त्या छोट्या डब्यातलं औषध छातीत भिनलंय, आता याचा जरा वास आला तरी श्वास बंद पडेल. ज्यांची फुफ्फुसं बरी त्यांना मोकळ्या हवेत एवढं होत नाही, पण यांना नुसता वास पुरे. त्यानंतर ते बाहेर मोसंबीच्या गाडीवर बसायचे. तुम्हाला कळवलं नाही, म्हणाले, अक्काचं आत्ताच कुंकू गेलंय, तिला आणखी काय सांगू.

पहिला डबा त्यांच्या जुन्या सोबत्यानं आणून दिला होता. दुसरा वेळेवर कुणी देईना, म्हणून ते स्वतः शेडमध्ये गेले. आत फवारा चालू होता. डबे घेऊन बाहेर आले आणि फाटकात पडले. नऊ दिवस दवाखान्यात होते. अक्षर वाकडं आलेलं ते पत्र त्यांनी तिथल्या खाटेवरून लिहिलंय.

आला नाहीस तर मला भाऊ नाही असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मी पाया पडून नको म्हटलं. ते म्हणाले, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसेन, काही होत नाही. तिकडं वारा फिरला. अक्का, ते हसत नव्हते. आणि तुम्ही ताट घेऊन आलात तेव्हा तुमच्या हाताला, लुगड्याला तोच वास होता. त्यांना तुमच्या हातचं जेवायचं होतं. गाडीत सगळ्या वाटेनं त्या कोंबडीचाच विचार करत होतो, असं मला येऊन सांगितलं.

तुमचं पत्र वाचून ते म्हणाले, "नाव राहिलं बघ अक्काचं." मग म्हणाले, मागं सरकलो ते तिला लागलं, लागणारच. मी म्हटलं खरं लिहून टाका. ते म्हणाले, "नगं. होडीत बसताना दर वेळी तिला ते आठवंल. राग आला तर राग बरा, तो जातो." त्यानंतर सहाव्या दिवशी ते गेले.

मी त्यांचं ऐकलं नाही. तुम्हाला पटलं नाही तर मला दोष द्या.

तुळजा


तेर,
१९ ऑगस्ट १९८७

चि. तुळजास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला एवढे दिवस उत्तर दिलं नाही. रोज कागद घ्यायची आणि ठेवायची. तुझ्यावर राग नाही. तू सांगितलंस ते बरं केलंस. सासूबाईंना मी वाचून दाखवलं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. हसतोय असं आपण सांगितलं, हेच त्यांच्या मनातून जात नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही लांबून बघितलंत, मी त्याची बहीण, मला कळायला हवं होतं. लहानपणी तो हसला की आवाज करायचा, सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. गप्प राहून तो कधी हसला नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी तसं लिहिलं.

मी त्याला बोलावलं म्हणून तो आला. मीच त्याला भाऊ नाही म्हणाले. हे आता मी कुणाजवळ मागं घेऊ? लोक म्हणतात तुझ्या नशिबात नव्हतं. नशिबाचं काही नाही, माझ्या हट्टाचं आहे. दोन दिवस विचार करून लिहिलंय असं मी लिहिलं होतं. त्या दोन दिवसांत एकदा तरी मनात यायला हवं होतं की माणूस येत नाही म्हणजे त्याला काहीतरी होत असेल.

मागच्या आठवड्यात वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला आणि तेरणेला पाणी आलं. तलाव निम्मा भरला. सोमवारी सगळ्यांनी होड्या घातल्या. मी घालणार नव्हते. घरात बसून राहिले. सासूबाई म्हणाल्या, "त्यानं काय काठावर ठिवायला दिली का ती?" मग उठले. चार बायकांनी हात लावला आणि होडी पाण्यात गेली. एक सांधा गळला नाही. बाकीच्यांच्या होड्यांत पाणी उपसायला डबे होते, माझ्या होडीचा तळ कोरडा होता. तो म्हणाला तसं दर वेळी आठवतं. आठवू दे. राग धरून बसण्यापेक्षा मला हे चालेल.

मासे अजून बोटाएवढे आहेत, सोसायटीनं बीज सोडलंय, दिवाळीनंतर बघू. सुट्टी लागली की पोरींना घेऊन इकडं ये. त्यांना होडीत बसवीन.

काल तलावावरून परत आले आणि सवयीनं निळं आंतरदेशीय घेतलं. होडी पाण्यात गेली हे कुणाला तरी कळवायचं होतं. मजकूर लिहायच्या आधी मी नेहमी पत्ता लिहिते, तसा लिहिला. व्यंकट बाबू भोई, माझगाव. पूर्ण लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडून तुझं नाव घालावं म्हणून पेन उचललं, पण माझ्यानं ते खोडवलं नाही. म्हणून पत्ता तसाच राहू दिलाय. पोस्टमनला सांग, पत्र बरोबर घरी आलंय.

तुझी,
सुमन अक्का